पाणी गोठायच्या आत

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, शिकागोचा परिसर, टोरांटो आणि त्याच्या आसपासची शहरं, इथे बऱ्याच मराठी मंडळींच्या आता स्वतःच्या व्यावसायिक जागा आहेत. कुणाचा दातांचा दवाखाना, कुणाचं पाळणाघर, कुणाचं उपाहारगृह. कुणी चार गाळ्यांचा छोटा प्लाझा घेऊन तीन गाळे भाड्याने दिलेले. घरच्या हिवाळ्याची सवय एव्हाना सगळ्यांना झालेली असते. फावडं गॅरेजमध्ये असतं, मिठाची पिशवी दाराशी असते. व्यावसायिक इमारतीचं काम मात्र एवढ्यावर भागत नाही. तिचं छप्पर बहुधा सपाट असतं, पाइप लांबलचक, आवार मोठं, आणि त्या आवारात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस कायद्याच्या नजरेत मालकाची जबाबदारी. मी मध्य न्यू जर्सीत अशा लहान-मध्यम इमारतींची देखभाल बघतो. नोव्हेंबर उजाडला की ओळखीतून फोन सुरू होतात, "यंदा बर्फ काढायला कुणाला सांगायचं?" हे विचारायलाच हवं. पण त्याआधी करायची कामं बरीच आहेत, आणि त्यांतली निम्मी तोवर हातची गेलेली असतात.

हिवाळ्यात इमारतीचं खरं नुकसान करतं ते पाणी. बर्फ डोळ्यांना दिसतो म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे 9 टक्के वाढतं, आणि ते जिथे अडकलेलं असेल तिथे ही वाढ झाली की पाइप फुटतो, डांबर उचकटतं, विटेचा पापुद्रा सुटतो. म्हणून तयारीची सुरुवात एकाच प्रश्नाने करा: माझ्या इमारतीत आणि आवारात पाणी कुठे थांबतं? कोकणात किंवा घाटावर वाढलेल्या माणसाला ही नजर शिकवावी लागत नाही. मृग लागायच्या आत कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, पागोळ्यांचं पाणी भिंतीत मुरणार नाही असं बघायचं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. इथे तीच नजर सप्टेंबरात वापरायची.

वेळापत्रक आपल्या सणांवर बांधलं तर लक्षात राहतं. गणपती गेले की छप्पर. दसऱ्याच्या आत डांबराची डागडुजी आणि बर्फ काढण्याचं कंत्राट. दिवाळीपर्यंत पाइप आणि हीटिंग. शिकागो किंवा टोरांटोच्या उत्तरेला असाल तर सगळंच दोन आठवडे अलीकडे ओढा.

वर चढून बघा

सपाट छप्पर खालून कधीच कळत नाही. कोरड्या दिवशी, सुरक्षित शिडीवरून, सोबत कुणीतरी असताना वर जा. जमत नसेल तर छपराच्या कंत्राटदाराला पाठवा आणि फोटो मागवा. वर गेल्यावर आधी पाणी निघून जाण्याची भोकं शोधा. त्यांवर लोखंडी किंवा प्लास्टिकची घुमटासारखी जाळी असते. गेल्या वर्षी एका दवाखान्याच्या छपरावर ती जाळी दिसतच नव्हती. ओकची पानं आणि पाइनच्या सुया एकमेकांत गुंतून तिच्यावर बोटभर जाडीचा थर बसला होता, वरून धूळ आणि कबुतरांची पिसं. तो थर हाताने धरून उचलला तर एकसंध निघून आला. आजूबाजूला छपराच्या काळ्या पडद्यावर वाळलेल्या गाळाचं मोठं वर्तुळ होतं. ते वर्तुळ म्हणजे पावसात तिथे किती दूरवर पाणी थांबतं त्याची नोंदच. जानेवारीत तेवढ्या भागात बर्फाची लादी तयार होणार होती, आणि तिच्यावर पडणाऱ्या पुढच्या बर्फाला वितळून जायला वाट उरणार नव्हती.

जाळी साफ केली की बागेचा होज वर ओढून पाणी सोडा आणि ते सरसर आत जातं का पाहा. संथपणे फिरत राहिलं तर खालचा पाइपही तुंबलेला आहे, प्लंबर लागेल. कठड्याच्या भिंतीत जादा पाणी बाहेर पडण्यासाठी चौकोनी खाचा ठेवलेल्या असतात, त्याही मोकळ्या करा. हे काम एकदा करून भागत नाही. ओकची झाडं पानं उशिरा टाकतात, त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला दुसरी फेरी लागतेच. छपराचा पडदा कुठे फुगलाय, सांध्यांवर उकललाय, एसीच्या यंत्रांच्या पायाशी फाटलाय, हे त्याच फेरीत टिपा. बहुतेक गोंद आणि चिकटपट्ट्या थंडीत नीट धरत नाहीत. जी दुरुस्ती ऑक्टोबरात एका सकाळची असते, तिच्यासाठी जानेवारीत तात्पुरता लेप मारून एप्रिलची वाट पाहावी लागते.

वजनाचा हिशेब एकदा तरी करून ठेवावा. एका चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे 5.2 पौंड. ताजा, भुसभुशीत बर्फ 10 ते 12 इंच पडला तर त्यात साधारण एवढंच पाणी असतं. जुना, दबलेला बर्फ 3 ते 5 इंचांतच तेवढा भरतो. पन्नास फूट रुंद आणि शंभर फूट लांब छपरावर एक इंच पाण्याइतका बर्फ म्हणजे 26,000 पौंड, जवळजवळ 12 मेट्रिक टन. फुटभर बर्फावर पाऊस पडला तर तो बर्फ पाणी धरून ठेवतो आणि भार झपाट्याने वाढतो. शिवाय बर्फ सगळीकडे सारखा बसत नाही. वाऱ्याने तो कठड्याशी, उंच भिंतीच्या पायाशी आणि यंत्रांच्या आडोशाला ढीग करून साचतो, आणि छपरं बहुधा अशा ढिगांखालीच खचतात. तुमचं छप्पर किती भारासाठी बांधलेलं आहे हे मूळ नकाशांवर लिहिलेलं असतं. नकाशे नसतील तर नगरपालिकेच्या बांधकाम विभागात चौकशी करा. तिथेही मिळाले नाहीत तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा तपासून घ्या. जुनी इमारत विकत घेतली असेल आणि मागच्या मालकाने छपरावर नवी यंत्रं किंवा सोलर पॅनल चढवले असतील तर हा खर्च अजिबात टाळू नका.

छपराचा भार हा कागदावरचा धोका नाही. जानेवारी 1922 मध्ये वॉशिंग्टनला दोन दिवसांत सुमारे 28 इंच बर्फ पडला आणि 28 तारखेला त्याच्या भाराने निकरबॉकर थिएटरचं सपाट छप्पर, चित्रपट चालू असताना, प्रेक्षकांवर कोसळलं. 98 माणसं गेली. आजचे बांधकामाचे नियम कितीतरी कडक आहेत, पण इमारत जी खूण देते ती ओळखायला मालकालाच यावं लागतं. छताच्या टाइल्स मधोमध खाली झुकल्या, स्प्रिंकलरची तोंडं टाइल्सच्या नेहमीपेक्षा खाली लोंबू लागली, काल सहज उघडणारं दार आज चौकटीत अडकायला लागलं, वरून करकर किंवा ठोके ऐकू आले, तर माणसांना आधी बाहेर काढा आणि मग इंजिनिअरला फोन करा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आणि छपरावरचा बर्फ काढायला दुकानातल्या पोरांना फावडी देऊन वर पाठवू नका. धातूच्या फावड्याने पडदा फाटतो, एका बाजूचाच बर्फ काढला तर भार असमान होतो, एका जागी ढीग केला तर धोका आणखी वाढतो, आणि बर्फाखाली झाकलेला काचेचा झरोका पायाखाली फुटू शकतो. या कामाला विमा असलेली, दोर लावून काम करणारी माणसं मिळतात. त्यांचा नंबर सप्टेंबरातच घेऊन ठेवा, कारण वादळाच्या दिवशी ती आधी जुन्या गिऱ्हाइकांकडे जातात.

भिंतीतलं पाणी

पाइप कधी गोठतो याचा ढोबळ आकडा लक्षात ठेवायचा तर तो 20 फॅरनहाइट, म्हणजे उणे 7 सेल्सिअस. बाहेर तापमान याच्या खाली गेलं की थंड पोकळीतला उघडा पाइप धोक्यात येतो. वारा असेल आणि भिंतीला फट असेल तर त्याआधीही. फुटण्याची रीतही समजून घ्यायला हवी. जिथे बर्फाचा बूच बसतो तिथेच पाइप फुटतो असं नाही. बूच वाढत जातो तसं त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं, आणि तो दाब सहन न झाल्याने पाइप भलत्याच ठिकाणी फाटतो. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळाची बारीक धार सोडायला सांगतात. दाबाला वाट मिळते. आणि म्हणूनच बऱ्याचदा फुटल्याचं कळतं ते थंडी ओसरल्यावर. बूच वितळतो आणि पाणी वाहू लागतं. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत टेक्सासमध्ये वीज गेल्यावर असंख्य इमारतींत हेच झालं. जिथे थंडीची सवय नाही तिथे पाइप बाहेरच्या भिंतीतून किंवा माळ्यावरून बिनदिक्कत नेलेले असतात.

तुमच्या इमारतीत असे पाइप कुठे आहेत ते शोधायला एक दुपार द्या. मागच्या दाराच्या वरची पोकळी. प्रवेशद्वाराच्या दोन दारांमधल्या छोट्या खोलीचं छत. बाहेरच्या भिंतीला टेकलेला बाथरूमचा बेसिन. हीटिंग नसलेली अडगळीची खोली. माल उतरवायच्या दाराजवळचा पाइप, जिथे दार तासन्‌तास उघडं राहतं. टाइल उचलून टॉर्च मारा. हाताला थंड हवेचा झोत लागला तर बाहेरून फट आहे, ती आधी बुजवा. पाइपाला इन्शुलेशनची नळी चढवणं चांगलंच, पण ती उष्णता निर्माण करत नाही, फक्त निघून जाण्याचा वेग कमी करते. फट तशीच ठेवून नळी चढवली तर रात्र निघते, आठवडा निघत नाही. फार थंड रात्री छताची एखादी टाइल सरकवून ठेवा आणि बेसिनखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत जाते. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

बागेच्या नळाचा होज काढून ठेवा. न गोठणारा नळ बसवलाय म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण होज लावलेला राहिला तर नळातलं पाणी बाहेर पडत नाही आणि तोही भिंतीच्या आत फुटतो. हिरवळीला पाणी देणारी भूमिगत व्यवस्था असेल तर ती कॉम्प्रेसरने फुंकून रिकामी करावी लागते. ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, जास्त दाबाने पाइपच फुटतात.

स्प्रिंकलरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मालकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. नेहमीच्या, पाण्याने भरलेल्या स्प्रिंकलरच्या पाइपांभोवती किमान 40 फॅरनहाइट, म्हणजे 4 सेल्सिअस तापमान राखावं असा अग्निसुरक्षेचा दंडक आहे. गोदाम, झाकलेलं पार्किंग, माळा अशा थंड जागी दुसऱ्या प्रकारची, कोरडी व्यवस्था असते. तिच्या पाइपांत दाबाखाली हवा भरलेली असते आणि आग लागली की मगच पाणी येतं. नावाने कोरडी असली तरी हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन ते पाइपाच्या सखल टोकांशी जमत राहतं. तिथे दोन व्हॉल्व्ह आणि मध्ये जाड पाइपाचा छोटा तुकडा असतो. हिवाळ्याआधी वरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा उघडतात. लालसर, गंजाचा वास असलेलं पाणी बादलीत पडतं. मग खालचा बंद, वरचा उघडा, थोडं थांबायचं, पुन्हा तेच. पाणी येणं थांबेपर्यंत. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले तर हवेचा दाब जातो, मुख्य व्हॉल्व्ह सुटतो आणि ऐन थंडीत सगळे पाइप पाण्याने भरतात. म्हणून हे काम परवाना असलेल्या कंपनीकडूनच करून घ्या, पण त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि अशी सखल टोकं तुमच्या इमारतीत किती आहेत, कुठे आहेत, ते नकाशावर खूण करून घ्या. थंडी चालू असतानाही अधूनमधून ती तपासावी लागतात.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे इमारतीतल्या प्रत्येक भाडेकरूला आणि रात्रपाळीच्या माणसाला माहीत हवं. त्यावर ठसठशीत लेबल लावा. तो फिरतो का हेही आत्ताच पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या रात्री हलत नाही.

हीटिंगचं काम त्यामानाने सरळ आहे. ऑक्टोबरात तंत्रज्ञ बोलवा, फिल्टर बदला, बर्नर आणि हीट एक्स्चेंजर तपासून घ्या. एक्स्चेंजरला तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्यामुळे त्याचे अलार्म चालू आहेत की नाहीत हे त्याच दिवशी बघून टाका. नव्या प्रकारच्या भट्ट्यांचे प्लास्टिकचे धुराचे पाइप बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर निघतात. प्लाऊवाला नेमका त्याच भिंतीशी बर्फ लोटतो. तिथे खांब रोवून लाल पट्टी बांधा आणि त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. गॅसच्या मीटरलाही हेच लागू. रात्री आणि सुट्टीत थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे 13 सेल्सिअसच्या खाली उतरवू नका. गाळा रिकामा असेल तरीही. हीटिंगच्या बिलात वाचलेले पैसे एका फुटलेल्या पाइपाच्या तुलनेत काहीच नसतात.

आवार

डांबरातल्या भेगा हवा 50 फॅरनहाइटच्या वर असतानाच भरून घ्या. भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, पुन्हा गोठतं, आणि मार्चपर्यंत भेगेचा खड्डा होतो. त्यानंतर पन्हळीचे उभे पाइप कुठे ओततात ते पाहा. फुटपाथवर ओतत असतील तर तिथे दर रात्री आरशासारखा बर्फ होणार. जमीन गोठण्याआधी त्यांचं तोंड वळवून घ्या. माझ्या अनुभवात घसरून पडण्याच्या बऱ्याच जागा अशाच असतात, म्हणजे वादळाच्या दिवसाशी त्यांचा संबंधच नसतो.

काढलेला बर्फ कुठे रचायचा हे मालकाने ठरवायचं असतं, प्लाऊवाल्याने नाही. तो मोकळी दिसेल ती कोपऱ्याची जागा धरतो. ती जागा पार्किंगच्या चढाच्या बाजूला असेल तर दुपारच्या उन्हात ढिगाचं पाणी सगळ्या पार्किंगवरून ओघळत जातं आणि संध्याकाळी पाच वाजता, भाडेकरूंची गिऱ्हाइकं यायच्या वेळेला, त्याचा न दिसणारा बर्फ झालेला असतो. पावसात पार्किंगमध्ये उभे राहा आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा. ढीग नेहमी उताराच्या टोकाला, पण पावसाळी गटाराच्या जाळीवर नाही. अपंगांसाठी राखलेल्या जागा आणि त्यांचा उतार, अग्निशामक नळ, रस्त्यावर वळणाऱ्या गाडीला दिसायला हवा तो कोपरा, हे सगळं मोकळं राहायला हवं. हे आवाराच्या नकाशावर रंगाने काढा आणि तो नकाशा कंत्राटाला जोडा. कडेच्या दगडांच्या आणि नळांच्या शेजारी उंच काठ्या रोवायच्या त्या जमीन मऊ असताना, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. बाहेरच्या दिव्यांचे टायमर त्याच दिवशी बदला. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार होतो, आणि अंधारात ओल्या डांबराचा आणि बर्फाचा रंग सारखाच असतो. दारात लांब पायपुसणी घाला, दहा-पंधरा फूट तरी, आणि ती भिजली की बदलायला दुसरी ठेवा.

मिठाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की जास्त टाकलं की जास्त काम होतं. साधं खडेमीठ जमिनीचं तापमान 15 फॅरनहाइट, म्हणजे उणे 9 सेल्सिअसच्या खाली गेलं की जवळजवळ निकामी होतं. तिथे मीठ ओतणं म्हणजे पैसे ओतणं. कॅल्शियम क्लोराइड वापरा, ते उणे 29 सेल्सिअसपर्यंत चालतं, किंवा नुसती वाळू टाका, पायाला धर मिळतो. आणि मात्रा? बारा औंसाचा कॉफीचा मग भरून मीठ फुटपाथच्या दहा चौकटींना पुरतं. त्याहून जास्त टाकलेलं सगळं वितळून गटारात आणि तिथून ओढ्यात जातं. मिनेसोटाच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा की चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं. मीठ टाकण्याआधी बर्फ खरवडून काढा. अगोदर खरवडलं की थोड्या मिठात काम होतं. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नका. अमोनियम असलेली खतं बर्फ वितळवतात म्हणून काही जण वापरतात, पण ती काँक्रीट खातात.

छपरावर किंवा मजल्यावर पार्किंग असेल तर मिठाचा धोका आणखी खोल आहे. ओंटारिओतल्या एलियट लेकमध्ये 23 जून 2012 रोजी एका मॉलच्या छपरावरच्या पार्किंगचा भाग खाली कोसळला आणि दोन स्त्रियांचा मृत्यू झाला. चौकशीत जे पुढे आलं ते प्रत्येक इमारतमालकाने वाचण्यासारखं आहे. तो मॉल बांधल्यापासून गळत होता. गाड्यांबरोबर येणारं मीठमिश्रित पाणी दशकानुदशकं झिरपून पोलादी जोड गंजत गेला आणि शेवटी तुटला. खाली बादल्या ठेवून दिवस काढणं तिथे नित्याचं झालं होतं. तुमच्या पार्किंगखालच्या छतावर पिवळसर-तांबूस ओघळ दिसला तर रंगवून झाकू नका, इंजिनिअरला बोलवा.

कागद

बर्फ काढण्याच्या कंत्राटात किती बर्फ पडल्यावर गाडी यायची हे लिहिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी दोन इंच. पण दीड इंच पडला, किंवा बर्फ न पडता नुसतं गोठलं, तर कुणी यायचं? गोठलेल्या पावसाचं काय? दुसऱ्या दिवशी वितळून पुन्हा गोठलं तर? या प्रश्नांची उत्तरं कागदावर घ्या. पैसे प्रत्येक फेरीला की सबंध हंगामाला, हे तुमच्या भागात बर्फ किती पडतो त्यावर ठरवा. कंत्राटदाराच्या विम्याच्या प्रमाणपत्रावर तुमचं नाव जोडून घ्या. भाडेकरू असतील तर दारापुढचा तुकडा कुणाचा हे लीजमध्ये वाचा. मी पाहिलेल्या भांडणांतली बरीचशी त्याच सहा फुटांवरून झाली आहेत.

कायदा प्रत्येक राज्यात वेगळा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये व्यावसायिक इमारतीलगतच्या सार्वजनिक फुटपाथची जबाबदारी मालकावर टाकली आणि 1983 मध्ये त्यात बर्फही आला. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं की वादळ चालू असताना बर्फ काढायचं बंधन नाही, ते थांबल्यावर वाजवी वेळेत काढायचा. मात्र मालकाच्या कृतीने धोका वाढला असेल किंवा धोका वादळाआधीपासूनच असेल, तर ही सूट मिळत नाही. तुंबलेल्या पन्हळीचा जुना बर्फ या दुसऱ्या अपवादात मोडू शकतो. न्यू यॉर्क शहरात तर वेळ बांधून दिलेली आहे: सकाळी सात ते दुपारी पाचच्या दरम्यान बर्फ थांबला तर चार तासांत फुटपाथ साफ हवा. ओंटारिओत 29 जानेवारी 2021 पासून, बर्फावर पडून इजा झालेल्याने 60 दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. न्यू जर्सी आणि ओंटारिओत दाव्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. तेव्हा प्रत्येक वादळाची नोंदवही ठेवा. बर्फ कधी सुरू झाला, कधी थांबला, तापमान किती, कोण आलं, मीठ कधी टाकलं, आणि फोनवर काढलेले फोटो. मुदत संपेपर्यंत ती वही जपून ठेवा. तुमच्या गावाचा नियम वकिलाकडून एकदा विचारून घ्या.

आता भारतात जाण्याबद्दल. आपली मंडळी लग्नसराईसाठी डिसेंबर-जानेवारीत महिना-दीड महिना घरी जातात, म्हणजे नेमकं थंडीचं टोक सुरू असताना मालक इथे नसतो. अमेरिकेतल्या प्रचलित व्यावसायिक विम्यात इमारत सलग 60 दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली तर पाण्याच्या आणि काही इतर नुकसानीची भरपाई मिळत नाही. गोठून फुटलेल्या पाइपाची भरपाईही तुम्ही ऊब राखण्यासाठी शक्य ते सगळं केलं असेल, किंवा ऊब नसेल तर पाणी बंद करून पाइप रिकामे केले असतील, तरच मिळते. म्हणून हीटिंगच्या सेवेची पावती, थर्मोस्टॅटचा फोटो, इमारतीत कोण फिरून गेलं त्याची तारीख, असे पुरावे मागे ठेवून जा. रिकाम्या गाळ्यात पाणी बंद करत असाल तर स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह चुकूनही फिरवू नका. तो बंद करायचा तर आधी अग्निशमन दलाला आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. थंड खोल्यांत आणि बॉयलरपाशी तापमान आणि ओल सांगणारे सेन्सर बसवा. दोघांच्या फोनवर सूचना जाईल असं बघा, एकाच्या नको.

किल्ली कुणातरी भरवशाच्या माणसाकडे असतेच. त्याला नुसती किल्ली देऊ नका, अधिकारही लेखी द्या: प्लंबर बोलवायचा, दार उघडायचं, अमुक रकमेपर्यंत खर्च करायचा, मला विचारायची गरज नाही. त्याला इमारतीतून एकदा फिरवून मुख्य व्हॉल्व्ह, विजेचं पॅनल आणि स्प्रिंकलरची सखल टोकं दाखवा. प्लंबर, हीटिंगवाला, छपरावाला, विमा कंपनी आणि प्लाऊवाला यांचे नंबर एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा असतात आणि तुम्ही कदाचित मंगल कार्यालयात पंगतीला बसलेले असाल. फोन लागला नाही तरी त्याने पाणी बंद करायला थांबू नये, एवढं त्याला निघण्याआधी स्पष्ट सांगून ठेवा.